सोनीचं घुंगरू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, नवऱ्याला तर नाहीच. आमच्या घरात कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही आणि त्यात माझा नंबर पहिला. जी गोष्ट गावभर व्हावीशी वाटते ती बेबीच्या कानात सांगावी, असं सगळे म्हणायचे. तरी ही एक राहिली. पन्नास वर्षं राहिली. कशी राहिली असेल?

परवा नातीने तिच्या कुत्र्याच्या पिल्लाला नवा पट्टा आणला. पट्ट्याला एक बारकं घुंगरू होतं. पिल्लू घरभर धावत होतं, घुंगरू वाजत होतं, सगळे हसत होते — आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले, ओट्याशी उगाच उभी राहिले. नात मागून आली, काय झालं म्हणाली. काही नाही, म्हटलं. बघा, पुन्हा खोटंच! म्हणून आज लिहायला बसले. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीने बरं आहे.

आधी बागेचं सांगते. नागपुरातली कुठली, ते नाही सांगत. जुन्या माणसाला तशीही ओळखू येईल. एका बाजूला आमची नोकरदारांची घरं, दुसऱ्या बाजूला विणकरांची गल्ली. सकाळी बागेत उभं राहिलं की एका कानात रेडिओवरची भजनं आणि दुसऱ्या कानात हातमागांची खटखट. आणीबाणीच्या आधीचं एखादं वर्ष असेल. नागपूरच्या उन्हाळ्याचं कौतुक साऱ्या महाराष्ट्राला, पण तिथल्या थंडीतल्या सकाळी — अहो, काय सांगू! गवतावर दंव, तोंडातून वाफ, फाटकाशी संत्र्यांची टोपली मांडून बसलेली बाई, आणि तिच्याजवळ पेटलेली पालापाचोळ्याची शेकोटी. तो जळक्या पानांचा वास अजून कुठे आला की मी एकोणीस वर्षांची होते. मोहल्ल्यात घरटी एक बेबी होती, आमच्या घरातली मी. कॉलेजात नुकतीच जायला लागलेली, दोन वेण्या, आईने विणलेला लाल स्वेटर, आणि हातात टायगरची साखळी.

टायगर अर्धा अल्सेशियन होता. उरलेला अर्धा काय होता ते देवाला ठाऊक. मी मात्र सगळ्यांना पूर्ण अल्सेशियन म्हणूनच सांगायचे. तांबूस अंग, उभे कान, धावायला लागला की माणसं फिरणं थांबवून पाहायची. तो पळायचा आणि छाती माझी फुगायची. बाबांना कुत्रं आवडत नसे. बाहेरून एक तक्रार आली की हे जनावर घरात राहणार नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि बाबा एकदा बोलले की बोलले. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. होतं ते सांगतेय.

बागेच्या फाटकावर निळी पाटी होती. फुले तोडू नयेत, हिरवळीवर सायकल आणू नये, आणि सगळ्यात खाली — कुत्र्यांस साखळीशिवाय आणू नये, मुलांच्या झोपाळ्यांकडे नेऊ नये. देवाजी माळ्याला ती पाटी तोंडपाठ होती. वाचता येत नव्हतं, पण पाठ होती. फाटकाजवळच्या खोलीत तो, त्याची बायको आणि पाच वर्षांची छबी राहायचे. छबीच्या हातात सदा काहीतरी खायचं. देवाजी पंपाकडे पाणी सोडायला गेला की पाऊण तास तिकडेच असायचा. मला त्याची वेळ ठाऊक झाली होती. तो वळला की मी साखळीची कडी सोडायचे. रोज. तुम्ही विचाराल, एवढं साधं कळत नव्हतं? कळत होतं. पाटी मला वाचताही येत होती.

आता तुळशीरामजी.

तुळशीरामजी काकाजी पलीकडच्या गल्लीतले विणकर. एकेकाळी रेशमी काठाची लुगडी विणायचे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले तेव्हा पन्नाशीही नव्हती आली. माणूस घरात बसून राहिला असता, पण काकाजी पुन्हा मागावर बसले. काठाचं काम सुटलं, साधे पंचे विणू लागले — निव्वळ हाताने आणि कानाने. लोक दारात उभे राहून बघायचे. धोटा इकडून तिकडे जायचा, आणि मध्येच ते थांबायचे, बोटं सरळ तुटलेल्या धाग्यावर जायची. मी एकदा विचारलं, कसं कळतं हो? तर हसून म्हणाले, "तार तुटली का मागाचा आवाज बदलते वं. माग बोलते. आयकणारा पायजे." बागेत तर ते मला दहा पावलांवरून चपलांवरून ओळखत. आज नवी चप्पल, आज पाय ओढत आहेस, आज घरी भांडून आलीस — सगळं बरोबर.

आणि त्यांची सोनी. गल्लीतलीच गावठी कुत्री, तीही तांबूस. तिला काकाजींनी एकट्याने, वर्षभर खपून शिकवलं होतं. नाली आली की थांबायचं, गाय आडवी आली की बसायचं, पायरी आली की मागे वळून त्यांच्या पायाला नाक लावायचं. उरल्यासुरल्या सुताची जाड दोरी त्यांनी स्वतः वळली होती. तिचं एक टोक सोनीच्या गळ्यात, दुसरं यांच्या मनगटाला. पारशिवनीकडे त्यांची बहीण दिली होती, तिच्या घरच्या बैलांच्या माळेतलं एक पितळी घुंगरू आणून तेही सोनीच्या गळ्यात बांधलेलं. ती हलली की यांना कळायचं. आज अशा कुत्र्यांना वेगळं नाव आहे, अंगात जाकीट असतं, शिकवणारे लोक असतात म्हणे. तेव्हा सगळे नुसतं 'आंधळ्याचं कुत्रं' म्हणायचे. कुणी तिला बिस्किट दाखवलं, चुचकारलं, की काकाजी नम्रपणे म्हणायचे, "ते कामावर आहे गा, तिले भुलवू नका."

त्या बागेत पाटीप्रमाणे वागणारा एकच माणूस होता आणि त्याला ती पाटी दिसत नव्हती. झोपाळ्यांकडच्या वाटेला ते कधी वळले नाहीत. पाटीवर नसलेलं एक कामही करायचे. पिशवीत खुरपी असायची. सोनीने बागेत घाण केली तर ते स्वतः खड्डा करून ती पुरत. फक्त जागा सापडायला डोळे लागत, आणि ते डोळे मी होते. "पाह्य बरं वं बेबी, केलं का तिनं?" मी सांगायचे, केलं काकाजी, डावीकडे दोन पावलं. ते मोजून दोन पावलं जात आणि वाकत.

एकदा मला मस्करी सुचली. सोनीने काही केलं नव्हतं तरी मी केलं म्हणाले. काकाजी खुरपी घेऊन कोरडी माती उकरत बसले, मी तोंडावर ओढणी धरून हसले, देवाजीही हसला. मग काकाजींच्या लक्षात आलं. तेही हसले. उठता उठता मात्र म्हणाले, "मस्करी कर वं, काही नाही. पण पाह्यलेलं सांगताना नको करू. मले तेवढंच आहे."

हे वाक्य मी एवढी वर्षं घासूनपुसून ठेवलंय. मले तेवढंच आहे.

येते. येतेच आहे त्या सकाळीवर. बाग, थंडी, संत्री — हे सगळं सांगायला किती गोड वाटतं, नाही का? तिथेच फिरत राहावंसं वाटतं.

आदल्या दिवशी काकाजींनी मला टोकलं होतं. कडी सुटल्याचा आवाज त्यांना बाकावर बसल्या बसल्या ऐकू यायचा. रोज नुसते गमतीने म्हणायचे, सुटला का तुझा वाघ? पण त्या दिवशी गंभीर होते. लेकरं असतात वं इथं, म्हणाले, बांधून ठेवत जा. मला राग आला. मोठे आले अल्सेशियनवालीला शिकवणारे! मग दुसऱ्या दिवशी मी काय केलं असेल? साखळी सोडली नाही असं? छे. मी कडी ओढणीत गुंडाळून सोडली. आवाज होऊ नये म्हणून. आंधळ्या माणसाच्या कानाला फसवायचं, हे मी आधीच ठरवून गेले होते.

काकाजी नेहमीच्या सिमेंटच्या बाकावर बसले होते. सोनी बाकाखाली, पंजांवर तोंड ठेवून, उन्हाची वाट बघत. दोरी मनगटाला. देवाजी पंपाकडे. मी मेंदीच्या कुंपणाशी. छबी हातात बिस्किट घेऊन पळत आली आणि टायगरने झेप घेतली. त्याला बिस्किट हवं होतं, की पळणारं काहीतरी दिसलं — कोण जाणे. तिच्या पोटरीला तोंड लागलं. ती किंचाळली, सुटली, आणि ज्याच्याजवळ रोज गोष्टी ऐकत बसायची त्याच्याकडे धावली. काकाजींच्या पायाशी जाऊन पडली.

मी टायगरला ओढून कुंपणाआड नेलं आणि कडी लावली. तेव्हा आवाज झाला असेलच. पोरीच्या रडण्यात गेला.

तोवर सोनी बाकाखालून उठून भुंकायला लागली होती. माणसं धावत आली तेव्हा त्यांनी काय पाहिलं? रक्ताळलेली पोटरी, आणि तिच्याशेजारी उभं तांबूस कुत्रं. दोघं-चौघं एकदम ओरडले, आंधळ्याच्या कुत्र्यानं चावलं! देवाजीने पंपाकडून धावत येऊन पोरीला उचललं. छबीला विचारलं तर ती नुसती कुत्रं, कुत्रं म्हणून रडत होती.

काकाजींनी हात वर केला. अजून दिसतो तो हात. "थांबा गा," ते म्हणाले. "घुंगरू वाजलं नाही. पोरगी रडली, मग वाजलं. आधी नाही वाजलं. बेबी तिथंच होती. तिले विचारा, ती सांगन ते खरं."

सगळे माझ्याकडे वळले. किती वेळ गेला असेल? काही नाही, एक श्वास. त्या एका श्वासात मला बाबा दिसले, आमच्या ओसरीतला टायगरचा रिकामा कोपरा दिसला. काकाजी समोर उभे होते, ते नाही दिसले.

"सोनीनंच चावलं, काकाजी," मी म्हणाले.

"तू आपल्या डोळ्यानं पाह्यलं?"

"हो."

झालं. हाच माझा गुन्हा. एक वाक्य आणि एक हो.

त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. ते खाली वाकले, सोनीच्या गळ्यापर्यंत हात नेला आणि घुंगरू बोटांत धरून हलवून पाहिलं. वाजलं. पुन्हा हलवलं. पुन्हा वाजलं. "वाजते तं," असं स्वतःशीच पुटपुटले. मग देवाजीच्या दिशेने हात जोडले आणि पोरीला दवाखान्यात नेताना सोबत गेले. सोनीच्या दोरीने नाही, देवाजीच्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवून.

डॉक्टरांनी सांगितलं, कुत्र्याला बांधून ठेवा, दहा दिवस नजर ठेवा. पिसाळलं नाही तर ठीक, नाहीतर पोरीच्या पोटात चौदा इंजेक्शनं. तेव्हा तशीच देत असत. त्या सुयांच्या नुसत्या नावाने मोठी माणसं घाबरायची. काकाजींना नजर ठेवता येईना. त्यांची मुलगी शेवंता दिवसभर दुसऱ्या विणकरांकडे सुताच्या कांड्या भरायला जायची. मग त्यांनी कुणाला बोलावलं असेल? मला. तू रोज येऊन पाह्य वं, पाणी पिते का, तोंडाले फेस येते का.

मी रोज गेले. सोनी पाणी पिते काकाजी, म्हणून सांगत राहिले. ते अगदी खरं होतं, आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. तिथून घरी येऊन मी टायगरपुढे वाटी ठेवायचे आणि तो जीभ लावतो की नाही ते डोळ्यांत प्राण आणून बघायचे. तो पिसाळला असता तर? छबीचा जीव त्या वाटीत होता आणि हे अख्ख्या नागपुरात एकट्या मला ठाऊक होतं. तरी मी तोंड उघडलं नाही. दहा दिवस मी दोन कुत्र्यांना पाणी पिताना पाहिलं, आणि रात्री जेवून झोपलेही.

दोघंही पाणी पीत राहिले. छबी बरी झाली, पुन्हा बिस्किट घेऊन पळू लागली. देवाजी चांगला माणूस. स्वतः गल्लीत जाऊन म्हणाला, काकाजी, झालं गेलं, सोनीले घेऊन या बागेत. मी ऐकलं आणि मनात म्हटलं, चला, सुटले. मिटलं सगळं.

काकाजी आले नाहीत. आठवड्याने त्यांनी मलाच बोलावून घेतलं. ओसरीवर बसले होते, बाजूला दोरी गुंडाळून ठेवलेली. सोनीला शेवंताने पारशिवनीकडे, काकाजींच्या बहिणीच्या गावी पोचवलं होतं. मी म्हटलं, पण देवाजी तर या म्हणाला ना! काहून पाठवली? त्यांनी मान हलवली. "ती उठली, लेकराले चावली, अन् मले आयकू नाही आलं. जिचं घुंगरू मले आयकू येत नाही, तिले मी लेकरांच्या बागेत कसं नेऊ वं?"

मग त्यांनी ते घुंगरू माझ्या हातात दिलं. तुझ्या टायगरले बांध म्हणाले. आणि म्हणाले, वाजव बरं. मी वाजवलं. थोडं लांबून वाजव म्हणाले. मी अंगणात जाऊन वाजवलं. "आता तं आयकू येते," ते म्हणाले. "त्याच दिवशी कसं काय नाही आलं?"

तेव्हा तरी सांगायचं ना? ओसरीवर आम्ही दोघंच होतो. टायगरचे दहा दिवस सरले होते, छबी ठणठणीत होती. कुणी मला फाशी देणार नव्हतं. मी म्हणाले, गलका होता काकाजी, छबी रडत होती, त्यात नसेल ऐकू आलं. फार समजूतदारपणे म्हणाले. त्यांनी मान डोलावली, बाईमाणसाने धीर दिल्यावर डोलावतात तशी.

मी बागेत जात राहिले. टायगरला पुन्हा कधी सोडलं नाही, झोपाळ्यांकडे नेलं नाही, काकाजींसारखी खुरपीसुद्धा नेऊ लागले. देवाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा दाखला द्यायचा — कुत्रं आणायचं तं बेबीताईसारखं आणा. मी ते ऐकून घेत असे. घुंगरू टायगरला बांधलं नाही. माझ्या पेटीत तळाशी ठेवलं.

लग्न होऊन मी अमरावतीला गेले. टायगर म्हातारा होऊन आमच्या ओसरीतल्या त्याच कोपऱ्यात मेला. बाबाच सगळ्यात जास्त रडले. दोन-तीन वर्षांनी माहेरी आले असताना बागेच्या फाटकाशी शेवंता भेटली. काकाजी आदल्या उन्हाळ्यात गेले होते. मी हळहळले, शेवटपर्यंत मागावर बसायचे का, असं सहज विचारलं. तुले माहीतच नाही का, ती म्हणाली.

माग तर त्याच वर्षी उतरवला होता. सोनी गेल्यावर काकाजी दर हातभर विणून झालं की थांबायचे आणि घरातल्यांना हाका मारायचे. पाहा गा, तार तं नाही तुटली? नाही, म्हटलं तरी पटायचं नाही. पुन्हा बोटं फिरवत बसायचे. पंचा चांगला असायचा, एकही तार सुटलेली नसायची. तरी एके दिवशी उठले आणि पुन्हा बसले नाहीत. घरातल्या घरातही भिंत धरून चालू लागले. कुणी बोललं तर दोनदा विचारून घेत. "बाबा म्हणत, डोळे गेले तं कान होते," शेवंता म्हणाली, "आता कानबी गेले. बेबीनं पाह्यलं अन् मले आयकू नाही आलं, म्हणजे गेलेच ना."

मी तिचा हात हातात घेतला. तिला वाटलं मी दुःखात आहे. तिनेच मला फाटकाच्या कट्ट्यावर बसवलं, पाणी आणून दिलं. मी ते प्यायले, आणि तेव्हाही बोलले नाही.

शेवंताही आता नाही. देवाजी नाही, छबी कुठे असेल ठाऊक नाही. पोटरीवर तिच्या वण असेल, आणि कुणी विचारलं तर ती सांगत असेल, लहानपणी आंधळ्याच्या कुत्र्यानं चावलं होतं. घुंगरू माझ्याजवळ आहे. काळं पडलंय, पण वाजतं.

काकाजींचे कान कुठेही गेले नव्हते. सोनी बाकाखाली पंजांवर तोंड ठेवून पडली होती, तिची मानसुद्धा हलली नव्हती. पोरगी रडली, मग घुंगरू वाजलं. आधी नाही वाजलं. मी तिथंच होते. मी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.